शांततेचा मुचलका

छापील नमुन्यात ती ओळ नव्हती. कायद्यात नव्हती, साहेबांनी सांगितली नव्हती, तक्रार करणाऱ्या शेठनंही मागितली नव्हती. ती मी माझ्या हातानं, टाक बुडवून, वळणदार अक्षरात लिहिली: ‘म्हणजेच, मी बांधावर अगर अन्यत्र हाका मारून किंवा मोठ्याने ओरडून लोक जमवणार नाही.’ त्या ओळीनं एका गावाची तीन वर्षांची भातशेती बुडाली. माणूस एकही दगावला नाही. त्याचं श्रेय माझ्याकडे येत नाही.

संपादकांनी माझ्याकडे ‘कचेरीतल्या गमतीजमती’ मागितल्या होत्या. त्यांना मी कळवलं की गमती देतो, पण ही गोष्ट आधी छापणार असाल तरच. पनवेलातल्या ज्या कचेरीत हे घडलं तिचं नाव घालत नाही, कारण चूक कचेरीची नव्हती. माझ्या निवृत्तीला अजून काही वर्षं आहेत. हा लेख वाचून कोणाला माझा खुलासा मागवावासा वाटला तर अवश्य मागवावा. खुलासे लिहिण्याची मला सवय आहे.

मी फौजदारी कारकून होतो. नावावरून लोकांना कमरेला पट्टा आणि हातात दंडुका दिसतो. प्रत्यक्षात एक टेबल, दोन दौती आणि लाल फितीत बांधलेले कागद. झालेला गुन्हा कोर्टाकडे जायचा. न झालेला गुन्हा आमच्याकडे यायचा. अमुक माणसाकडून शांततेला धोका आहे असा पोलिसांचा रिपोर्ट आला की मी नोटीस काढायची, साहेबांपुढे सुनावणी व्हायची, आणि मग ‘एक वर्ष शांतता राखीन’ असं तो माणूस लिहून द्यायचा. याला मुचलका म्हणतात. त्याच्या मागे दोन जामीनदार उभे राहायचे. वचन मोडलं तर तिघेही गोत्यात.

तेव्हा ‘शांतता’ हा माझ्या रोजच्या वापरातला शब्द. मीठ-मिरची जशी स्वैपाकघरात, तसा. शांततेस बाध, शांततेचा भंग, शांतताभंगाचा संभव, सर्वत्र शांत. दर पंधरवड्याला जिल्ह्याला जो अहवाल जायचा त्यात ‘शांतता’ नावाचा एक रकानाच होता. माझ्या आधीच्या कारकुनांनी टेबल सोपवताना मला शिकवलं, “इथं ‘आहे’ लिहायचं.”

“आणि नसली तर?”

“नसली तर का नाही ते वरून विचारतात. मग फार शाई लागते.”

मी नऊ वर्षं ‘आहे’ लिहिलं.

या धंद्यात गिऱ्हाइकं मजेदार मिळतात. नेरे गावाकडचे दोघे भाऊ होते. सामाईक फणसाच्या एका फांदीवरून त्यांनी कोयते काढले होते. दोघांकडून मुचलका घेतला. वर्षभर दोघे एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत. मुदत संपत आली तेव्हा थोरल्याची बायको डोक्यावर दोन फणस घेऊन कचेरीच्या पायरीवर हजर. म्हणाली, “भाऊसाहेब, आनखी येक वरीस वाढवून द्या. घरात लय बरं वाटतंय.” फणस परत पाठवले, पण वास आठवडाभर गेला नाही.

दुसरे हसनभाई. बाजारात त्यांचं दोरखंड आणि कंदिलांचं दुकान. सणवार जवळ आले की शांतता कमिटी बसायची आणि तिच्यात हसनभाई दरसाल असायचे, कारण त्यांच्या दुकानात सगळ्या आळ्यांचे लोक येत. एकदा चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, “भाऊसाहेब, भांडण नक्की कधी होणार ते तरी बोला. आम्ही दरसाल येतो, चहा पितो, अमन कायम करतो आणि घरी जातो. बायको विचारते, कोण भांडलं? मी तिला काय जवाब देऊ?”

मी हसलो, आणि रकान्यात ‘आहे’ लिहिलं.

एक गोष्ट मात्र त्या नऊ वर्षांत माझ्या डोळ्यांपुढे होती आणि मला दिसली नाही. माझ्या टेबलासमोर कधी गप्प माणूस उभा राहिला नाही. जो ओरडला तोच आला. ज्यानं दुसऱ्याची हद्द गुपचूप सरकवली, पाट वळवला, विधवेच्या जमिनीवर आपलं नाव चढवलं, तो शांततेला धोका आहे असा रिपोर्ट मी कधी पाहिला नाही. ती माणसं हळू बोलत. साहेबांच्या खोलीत त्यांना खुर्ची मिळायची.

हिराजीला खुर्ची मिळाली नाही. तो खाडीकाठच्या एका गावातला, चाळिशीचा, उंच, पायांना कायम खाजणाच्या, खाऱ्या दलदलीच्या, चिखलाचा करडा रंग. त्याच्या गावाची भातजमीन भरतीच्या पाण्यापेक्षा खाली होती. खाडी आणि शेत यांच्यामध्ये मातीचा एक बांध, एवढंच. बांधाच्या खाडीकडच्या बाजूला मिठागर आणि आतल्या बाजूला शेतं. मिठागराच्या शेठला वाफ्यांत जास्त खारं पाणी हवं होतं, म्हणून त्याच्या माणसांनी शिमग्याच्या सुमारास बांधाची माती काढून पाट रुंद करायला घेतला. हिराजीनं ते पाहिलं आणि तो बांधावर उभा राहून ओरडला. अर्ध्या घटकेत सव्वाशे माणसं गोळा झाली. मारामारी झाली नाही. शेठच्या माणसांच्या कुदळी काढून घेतल्या, त्यांना घरी पाठवलं, एवढंच. शेठच्या मुनीमानं तक्रार दिली, पोलिसांचा रिपोर्ट आला: ‘सदर इसम आरडाओरड करून जमाव जमवतो, सबब शांततेस धोका.’

सुनावणी दहा मिनिटांत आटोपली. साहेबांनी हुकूम केला आणि हिराजी त्याचा मेव्हणा आणि शेजारी अशा दोन जामीनदारांसह माझ्यापुढे आला. मी नमुना वाचून दाखवला.

“भाऊसाहेब,” हिराजी म्हणाला, “शांतता राखाची म्हंजी आमी काय कराचं?”

मला या प्रश्नानं बरं वाटलं. भाषेवर माझं प्रेम. मॅट्रिकला मराठीत पहिला आलो होतो. मी म्हटलं, “सोपं आहे. ओरडायचं नाही.”

“कवाच नाय?”

“वर्षभर नाही.”

“बांदावर पन?”

“बांधावर तर मुळीच नाही. तिथूनच सगळं झालं ना?”

तो जामीनदारांकडे बघायला लागला. मग म्हणाला, “पन बांदावर वरडनं म्हंजी आमच्यात...”

“हिराजी,” मी म्हटलं, “मागे रांग आहे.”

रांग नव्हती. मागे एकच माणूस होता आणि तो चहाचे कप गोळा करायला आला होता.

पुन्हा घोटाळा नको म्हणून मी ती खुलाशाची ओळ नमुन्याखाली लिहिली, वाचून दाखवली, हिराजीचा अंगठा घेतला आणि वर साहेबांची सही. साहेब माझ्या अक्षराचं कौतुक करत आणि मजकूर वाचत नसत. त्या दिवशी मी घरी जाऊन सौभाग्यवतींना सांगितलं की आज एका अडाण्याला शांततेचा अर्थ समजावला. हे वाक्य मला अजून ऐकू येतं.

त्याला काय सांगायचं होतं ते मला भादव्यात कळलं.

पुनवेच्या आणि अवसेच्या आसपास आमच्याकडे मोठी भरती येते आणि ती ऐन दुपारी येते. त्या दिवसांत गावातला एक माणूस पाळीनं बांधावर चालतो. चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, बांध पोखरतात. बोटाएवढ्या भोकातून पाणी आत यायला लागलं की ते बुजवायला एका माणसाचं बळ पुरत नाही. तो तिथंच उभा राहून हाक देतो. हाक ऐकली की जेवणारा ताटावरून उठतो, बाई चुलीवरचं भांडं उतरवते, आणि सगळे पेंढा, फावडी, पाट्या घेऊन धावतात. हाक ऐकून जो आला नाही त्याला गावकीपुढे उभं राहून उत्तर द्यावं लागतं. भोकापासून उठायचं नाही, हा पाळीवाल्याचा नियम. पाय लावून, पाठ लावून ते अडवायचं आणि ओरडत राहायचं.

भादव्याच्या पुनवेला पाळी हिराजीची होती. शेठच्या माणसांनी जिथली माती काढली होती त्याच्या हातभर पलीकडे पाणी सुटलं. मिठागराच्या चौकीत मुनीम बसलेला होता. हिराजी ओरडला नाही. तो पळाला. पहिल्या घरापर्यंत, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. चार माणसं घेऊन तो परतला तेव्हा बैलगाडी जाईल एवढी खांड पडली होती आणि पोटरीला आलेल्या भातात खाडी शिरत होती.

दोन दिवसांनी पंचनाम्यासाठी तलाठ्याबरोबर मला पाठवलं. टांगा रस्ता संपला तिथं सोडला आणि पुढं चालत गेलो. इतकी वर्षं त्या तालुक्यात काढून मी बांधावर पहिल्यांदाच पाय ठेवला. भात उभं होतं, पण त्याचा रंग उतरला होता. गावकरी बांधावर बसले होते. मी कागद काढला आणि नेहमीच्या सुरात विचारलं, “पाळीवर कोण होतं?”

“मी,” हिराजी उठून म्हणाला.

“मग ओरडला का नाहीस?”

माझ्या शेजारचा तलाठी खाली बघायला लागला. हिराजी माझ्याकडे रोखून बघत म्हणाला, “तुमीच तर सांगितलाव, भाऊसाहेब. अंगठा घेतलाव. मुनीम समोर बसलेला. मी वरडलो आसतो आन माजे दोन जामीन बांदून नेलं आसतं तर?”

“अरे, पण अशा वेळी...”

“अशा वेळंसाठीच वरडत्यात ना! तेच तर तुमाला सांगाया गेलो. तुमी बोल्लाव, मागं रांग हाय.”

मागून एक बाई पुढं आली. हिराजीची बायको, नामीबाई. कमरेला कासोटा, हातात पाटी. “ह्योच काय रं त्यो शांततावाला?” तिनं नवऱ्याला विचारलं आणि माझ्यापुढे येऊन उभी राहिली. “बघा, भाऊसाहेब. डोलं भरून बघा. कशी शांत जाली जमीन. काल सांजंपास्नं बेडूक पन वरडत नाय.”

खरंच वरडत नव्हता. भादव्यातलं शेत आणि बेडकाचा आवाज नाही. खाऱ्या पाण्यात ते सगळे मेले होते.

मी पंचनामा लिहिला. निघताना हिराजीला विचारलं, कारण विचारल्याशिवाय मला राहवेना, की बांध धड असतो तेव्हाच्या स्थितीला तुमच्याकडे काय म्हणतात.

तो वैतागला. “काय म्हनत्यात? निवांत म्हनत्यात. पालीवाला बांदावर हाय, त्यो वरडल, ह्या भरवशावर बाकीचा गाव निवांत जेवतो. आता कोन जेवल?”

परतताना टांग्यात तलाठी बोलत होता, मी ऐकत नव्हतो. नऊ वर्षं ज्या शब्दाची भाकरी मी खाल्ली तो मला येत नव्हता. गप्प बसवणं म्हणजे शांतता असं मी शिकलो होतो, लिहीत होतो आणि वर दुसऱ्यांना शिकवत होतो. या माणसांच्या घरात जो निवांतपणा होता तो एकाच्या ओरडण्यावर उभा होता. तो आवाज मी कागदानं बंद केला.

दुसऱ्या दिवशी पंधरवड्याचा अहवाल जायचा होता. साहेबांनी तोंडी मजकूर सांगितला: “उधाणाच्या भरतीमुळे बांध फुटला. गावात शांतता आहे.”

मी पहिलं वाक्य लिहिलं. दुसऱ्याच्या जागी लिहिलं, ‘गावात आवाज नाही. याला शांतता म्हणता येत नाही.’ आणि वेगळ्या कागदावर टिपणी जोडली: मुचलक्यावरील खुलाशाची ओळ नमुन्यात नाही, ती मी माझ्या अकलेनं घातली, त्यामुळे पाळीवाल्यानं हाक दिली नाही, ती ओळ रद्द व्हावी.

साहेबांनी दोन्ही कागद दोनदा वाचले. माझं लिखाण त्यांनी वाचल्याचा तो पहिलाच प्रसंग. साहेब माणूस वाईट नव्हते.

“अहो, भरती आली, बांध फुटला. यात तुम्ही कुठून आलात? कोणी तुमच्यावर बोट तरी ठेवलंय?”

“गावानं ठेवलंय.”

“गाव काय, अर्ज करणारे का ते? स्वतःच्या पायावर धोंडा कशाला पाडून घेता? हा कागद फाडा. मी पाहिलाच नाही.”

“मी फाडणार नाही, साहेब. तुम्ही फाडा.”

त्यांनी चष्मा काढला. “तुम्हाला काय झालंय? इतके शांत गृहस्थ तुम्ही.”

“तेच झालंय,” मी म्हटलं. माझा आवाज बाहेरच्या टेबलांपर्यंत गेला असावा, कारण टाइपरायटर थांबला.

साहेबांनी कागद फाडला नाही. चार दिवस ठेवून घेतला, मग मुचलक्यातली ती ओळ लाल शाईनं खोडून आद्याक्षरं केली. मुचलका राहिला, पण हिराजीचा आवाज मोकळा झाला. अहवालातलं माझं वाक्य वर गेलं की नाही मला माहीत नाही. मला मात्र महिन्याभरात दप्तरखान्यात बसवलं. माझ्या गोपनीय शेऱ्यात लिहिलं गेलं, ‘अक्षर उत्तम. वृत्ती हट्टी.’ पुढच्या बढतीला तो शेरा आडवा आला. मला त्याचं दुःख नाही. नोकरीत माझ्याविषयी खरं असं तेवढंच एक वाक्य लिहिलं गेलं.

इथं थांबलो असतो तर मी या गोष्टीतला शूर माणूस ठरलो असतो. म्हणून पुढचं सांगतो.

साहेबांना मी चूक कबूल केली, कागदाला केली, हिराजीला केली नाही. खारं पाणी शिरलेली जमीन तीन पावसाळ्यांनी धुऊन निघते. ती तीन वर्षं गावातली बायामाणसं मिठागरावर पाट्या वाहायला जात होती, त्याच शेठच्या. हिराजी बाजाराच्या दिवशी पनवेलात यायचा. तो लांबून दिसला की मी आळी बदलायचो. कधी पोस्टात शिरायचो आणि उगाच एक कार्ड विकत घ्यायचो. माझ्याकडे तेव्हाची कोरी कार्डं बरीच साठली.

एकदा असाच हसनभाईंच्या दुकानात घुसलो. त्यांनी दोरीचं भेंडोळं सोडवत बाहेर पाहिलं, मग माझ्याकडे.

“हिराजी गेला. आता बाहेर यायला हरकत नाही.”

मी समोरच्या कंदिलाची किंमत विचारली.

“भाऊसाहेब, बुरा मानू नका. साहेबासमोर तुम्ही मोठ्या जिगरनं बोललात, सगळ्या बाजाराला मालूम आहे. पण साहेबाचं भात बुडालं होतं काय?”

पुढच्या रविवारी मी हिराजीच्या गावी गेलो. हिराजी दारात जाळं शिवत होता. मी उभ्या उभ्या म्हणालो की मी माफी मागायला आलोय. त्यानं सुई थांबवली नाही.

“मना येकट्याला नको,” तो म्हणाला. “माजं येकट्याचं गेलं नाय. दुपारी गावकी बसनार हाय देवलाम्होरं. थितं उभं र्‍हावा. हाक आयकून जो येत नाय त्याला आमी थितंच उभा करतो.”

नामीबाईनं आतून पाणी आणून दिलं. तिनं चार शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

दुपारी देवळापुढच्या पटांगणात शंभरेक माणसं होती. काही बांधावरून तशीच चिखलाच्या पायांनी आलेली. हिराजीनं एवढंच सांगितलं, “कचेरीतले भाऊसाहेब हायत. त्यांना बोलाचं हाय.” मी घरून चार वाक्यं लिहून नेली होती. कागद खिशातच ठेवला. त्यात ‘अनवधानाने’ असा एक शब्द होता आणि तो खोटा होता.

मी बोलायला लागलो. कचेरीत बोलतो तसं, खालच्या पट्टीत. मागच्या बाजूनं एक म्हातारा ओरडला, “आरं, मोट्यानं बोल! हितं मागं काय आयकू येत नाय!” लोक हसले. हिराजी हसला नाही, पण त्यानं मान हलवून मला खूण केली.

मग मी होता नव्हता तेवढा आवाज काढला. म्हणालो, “हिराजीनं मला विचारलं होतं आणि मला माहीत नसताना मी त्याला सांगितलं. तो मला समजावत होता तेव्हा मी त्याला खोटं बोलून गप्प केलं. मागे रांग नव्हती. तुमची शेतं माझ्या हातानं बुडाली, आणि त्यानंतर तीन वर्षं मी तुम्हाला तोंड दाखवलं नाही. हिराजी, नामीबाई, गावकरी मंडळी, मी तुमचा गुन्हेगार आहे. मला माफ करा.”